प्रार्थना घरूनच करून यावी

आम्हा ख्रिस्ती लोकांबद्दल बाहेर एक गैरसमज आहे. आम्ही मूठभर, म्हणून एकमेकांना धरून असतो, एकमेकांचाच धंदा चालवतो, असं लोकांना वाटतं. रत्नागिरीत मला हे कितीतरी जणांनी ऐकवलंय, कुणी कौतुकानं, कुणी टोमणा म्हणून. त्या सगळ्यांना एकदा आमच्या सुतारकाकांच्या कारखान्यात नेऊन उभं करायला हवं होतं. भिंतीवरची पाटी वाचली असती म्हणजे पुरे.

पाटी फणसाच्या फळीवर कोरलेली होती, पिवळीजर्द. 'प्रार्थना घरूनच करून यावी. इथे मापे घेतली जातील.'

काकांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ती पाटी काढून माझ्या डोक्यात घालतील, आणि ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल. शहरातून हातखंब्याकडे निघालं की रस्त्याला लागून त्यांची शेड होती. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, आत कापायचं मशीन, रंध्याचं मशीन आणि दोन कामगार. याला ते कारखाना म्हणत. रस्त्याची धूळ आत येऊन लाकडावर बसायची, आतला भुसा उडून रस्त्यावर जायचा. "देवाणघेवाण चालू आहे," काका म्हणायचे. "हीच तेवढी बिनतक्रार."

मी पहिल्यांदा तिथे गेले ती पत्रक घेऊन. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जायचा. अजूनही जातो. रिक्षा स्टँडच्या जागेवर लिहून झालं होतं, मच्छी विकणाऱ्या बायकांना डोक्यावर छप्पर नाही यावर लिहून झालं होतं. मग म्हटलं, आपल्याच मंडळीत बघू. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. त्यांनी खरेदी मंडळीतल्याच दुकानदारांकडून, कारागिरांकडून करावी, असं माझं आवाहन होतं. मथळा ठसठशीत, 'आपला माणूस, आपला धंदा.' खाली जी नावं दिली त्यात पहिलं काकांचं.

काकांनी मशीन बंद केलं, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"बाय, मी तुझं काय वाईट केलंय?"

"काका, तुमच्या फायद्याचं आहे हे."

"हे तू वाटलंस ना, तर दोन महिन्यांत मी हर्णेला बसून सुकी मच्छी विकताना दिसेन तुला." मग हातानंच बाहेरचा रस्ता दाखवून म्हणाले, "तो मिरकरवाड्याचा व्यापारी. फोन करतो, चाचा, कपाट पाहिजे, एवढं उंच, एवढं रुंद. विषय संपला. पालीचा शेतकरी दाराचं माप सुतळीला गाठी मारून आणतो. त्याचाही विषय संपला. आणि आपला माणूस? आपला माणूस आधी चहा घेतो. मग माझ्या बापाची आठवण काढतो, किती देवभीरू होते म्हणतो. मग कपाटाचं चित्र मोबाइलवर दाखवतो. आणि उठताना म्हणतो, प्रार्थना करून सांगतो."

"मग?"

"मग काय गो? देव अजून बोलला नाही त्याच्याशी."

ज्यांना आमच्यातली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. नाही म्हणणं उद्धटपणाचं, आणि हो म्हटलं तर बांधले जातो. मधला मार्ग म्हणजे 'प्रार्थना करून सांगतो'. यावर समोरचा काय बोलणार? घाई करा म्हणाल तर तुम्ही अविश्वासू. अलीकडे त्याचंही छोटं रूप निघालंय. काका व्हॉट्सॲपवर लाकडाचा आणि मजुरीचा अंदाज पाठवायचे, उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. काका ते मला दाखवत. "याचा अर्थ काय? हो, की नाही, की माझ्यासाठी प्रार्थना चालू आहे?"

पाटीखाली एक बाक होतं. तेही फणसाचं, पाठीला छान उतार दिलेलं, पण चारातला एक पाय आखूड. आपल्यातलं कुणी येऊन प्रार्थनेचं बोललं की काका मशीन बंद करायचे, कामगारांना हात थांबवायला सांगायचे आणि त्या बाकाकडे बोट करायचे.

"बसा. करा प्रार्थना. मी थांबतो."

माझ्यासमोर एकदा आमच्या मंडळीतल्या एका शाळेतल्या बाई आल्या होत्या, जेवणाच्या टेबलासाठी. त्यांनाही बसवलं. बाई बिचाऱ्या गोंधळल्या, पण बसल्या, डोळे मिटले. बाक डुगडुगत होतं. कारखान्यात एवढी शांतता की रस्त्यावरच्या एसटीचा गिअर बदललेला ऐकू आला. काका दोन्ही हात पुढे बांधून उभे. थोड्या वेळानं बाईंनी एक डोळा किलकिला केला.

"झाली?" काकांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?"

"कोण?"

"ज्याला विचारलंत तो."

बाईंना हसू आवरेना. "काका, खरं सांगू? मिस्टरांना विचारायचंय."

"मग मिस्टरांना विचारून सांगते, असं म्हणा की. त्यात कुठलं पाप आहे? देवाला कशाला उगीच टेबलाच्या भानगडीत घेता?"

टेबलाची ऑर्डर दुसऱ्या दिवशी आली. पण सगळेच काही हसून गेले नाहीत. पुष्कळांनी तोंड वाकडं केलं, सुतार माजलाय म्हणाले, आणि हातखंब्याला जाऊन तयार फर्निचर घेतलं. काका तुसडे होते हे खरंच आहे, मी ते झाकणार नाही. कुणी वायदा केला की बोलता बोलता जवळच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान द्यायचे, जणू वायद्यालाच कीड लागलीय का बघतायत. त्यानं माणसं चिडायची. पण स्वतःलाही त्यांनी सूट दिली नाही. 'देवाची इच्छा असेल तर शनिवारी मिळेल' असं आमच्यातला प्रत्येक कारागीर म्हणतो. काका म्हणायचे, "शनिवारी. नाही मिळालं तर चूक माझी."

चर्चमध्येही तीच तऱ्हा. गाता गळा होता, उपासनेत मागच्या रांगेतून त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर यायचा. पण गीतात कुठे 'माझं सर्वस्व तुला देतो' अशा अर्थाची ओळ आली की हा माणूस तोंड मिटायचा. पुढच्या ओळीला परत सुरू. शेजारची माणसं दचकायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळं कुठे देतोय मी? घर ठेवलंय, मशीन ठेवलंय. खोटं कशाला बोलू, तेही सुरात?"

आता त्या बाकाची गोष्ट.

आमच्या चर्चची जुनी बाकं वाळवीनं खाल्ली होती. मंडळीचा कारभार पंच बघतात, आणि पंचांमध्ये जे थोरले, त्यांचाच शब्द चालतो. मला तो माणूस आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले तेच पोहोचतात आणि शेवटी तेच निघतात, हेही खरं. चर्च झाडायला माणूस आला नाही तर स्वतः झाडू घेतात. तरी आवडत नाहीत. ते गणपतीच्या सुट्टीच्या आसपास काकांच्या कारखान्यात आले, काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आमची प्रार्थना झाली. प्रभूनं तुमचंच नाव दिलं. सुरू करा."

करार झाला नाही. देवाच्या घराच्या बाकांना कसला करार? एरवी मंडळीतल्या माणसाकडून सही घेतल्याशिवाय करवतीला हात न लावणारे काका, पण या कामाला त्यांनी कागद मागितला नाही. काकू म्हणाल्या ते मला आठवतं, "चर्चमध्ये आपण केलेल्या बाकावर बसायला मिळणार म्हणून लहान पोरासारखे झालेत." लांज्याकडून जुनं, वाळलेलं फणसाचं लाकूड आणलं. निम्म्याहून अधिक बाकं उभी राहिली. आणि एका दुपारी मंडळीच्या ग्रुपवर पंचांचा संदेश आला. कमिटीनं पुन्हा प्रार्थना केली असून प्रभूनं वेगळा मार्ग दाखवला आहे, बाकांऐवजी खुर्च्या येत आहेत. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. रविवारी तेच त्यांनी चर्चमध्ये पुढे उभं राहून वाचून दाखवलं.

संदेश आला तेव्हा काकांच्या हातात एका बाकाचा पाय होता. तो आखूड कापला गेला. तेच हे बाक.

बाकीची बाकं वाया गेली नाहीत. जवळच्या गावातल्या बुद्धविहाराच्या सभागृहाला बसायला काही हवं होतं. त्यांचे अध्यक्ष आले, बाकांवर एकदा बसून पाहिलं, म्हणाले, "घेतो."

"विचारायचं वगैरे आहे का कुणाला?" काकांनी विचारलं.

"कुणाला?" अध्यक्ष म्हणाले.

काका त्या दिवशी पोट धरून हसले. पण पंचांच्या बाबतीत हसले नाहीत. पंचांना त्यांनी एवढाच निरोप धाडला की खुर्च्या घ्यायचा निर्णय तुमचा होता, असं मला एकदा सांगा. नुकसानभरपाई नको, माफी नको. "माझी बाकं नको असतील तर नको म्हणा. मी सुतार आहे, नकार पचवतो. पण देवानं नाकारली असं म्हणालात. मग मी उपासनेला तोंड कुठलं घेऊन बसू?"

पंचांनी उत्तर पाठवलं, "प्रार्थना करतो."

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि नाताळला प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट पंच रांगेरांगेतून फिरवतात, आपण बसल्या जागी तुकडा घ्यायचा आणि ताट शेजारच्याकडे द्यायचं. मनात भावाविषयी अढी असेल तर आधी ती मिटवायची, तोवर त्या मेजाला हात लावायचा नाही, हे आम्हाला शाळेत जायच्या आधी शिकवतात. शिकवतात सगळ्यांना, पाळत कुणी नाही. काकांनी पाळलं. ताट आलं की ते दोन्ही हातांनी धरायचे, तुकडा न घेता काकूंकडे द्यायचे. काकू घ्यायच्या. आणि ताट घेऊन समोर उभे कोण? थोरले पंच.

दर महिन्याला सगळं चर्च मान न वळवता मागच्या रांगेकडे बघायला शिकलं. काहीजण म्हणाले, सुतारानं प्रभूच्या मेजाचं कोर्ट केलंय. मला तर संताप येत होता की हे कोर्ट इतकं गुपचूप का चाललंय. मी पत्रक लिहिलं. 'खुर्च्या कुणी मागवल्या, देवानं की कमिटीनं?' दोन्ही बाजू भरून, एकही शब्द गुळमुळीत नाही. नाताळच्या आधी प्रत्येक घरात पोहोचवायचा माझा बेत होता. छापलेला गठ्ठा घेऊन आधी काकांकडे गेले.

काकांनी वाचलं. "चांगलं लिहितेस," म्हणाले.

"मग वाटू ना?"

"त्यानं काय होईल?"

"पंचांना उत्तर द्यावं लागेल. सगळ्यांसमोर हरतील ते."

"मला त्यांना हरवायचं नाहीये, बाय. मला त्यांच्या हातच्या ताटातली भाकर खायची आहे."

मी म्हटलं, हा भ्याडपणा आहे. अन्याय करणारा मऊ बोलतो आणि सोसणारा त्याहून मऊ, अशानंच आपल्यात काही सुधारत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं, त्याची नीट घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि वाकून त्या बाकाच्या आखूड पायाखाली सारलं. बाकावर बसून पाहिलं. डुगडुगलं नाही.

"बाकीची ठेव तुझ्याकडे. डिसेंबरचं प्रभुभोजन होऊ दे, मग बघू."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी काकांनी ताट नेहमीसारखं काकूंकडे दिलं. आणि काकूंनी तुकडा घेतला नाही. ताट पुढे सरकवलं. काकू म्हणजे बालवाडीत आयुष्य गेलेली बाई, आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. पंच तिथेच थांबले. ताट परत मेजाकडे न्यायचं राहिलं, उपासना चालवणाऱ्या पाळकांना खाकरावं लागलं.

बाहेर आल्यावर मी काकूंना विचारलं, तुम्ही का? त्या पायात चपला सरकवत म्हणाल्या, "एकाच घरात एक जेवायचा आणि एक उपाशी, असं किती महिने चालवायचं? यांना तर काही सांगता येत नाही. म्हटलं, आपणही उपाशी राहू." थोडं चालल्यावर परत म्हणाल्या, "नाताळला तरी दोघांनी मिळून घ्यावं असं फार वाटतंय गो."

नाताळच्या आधीच्या शनिवारी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पुन्हा कारखान्यात गेले होते. या वेळी मी काकांचं ऐकणार नव्हते. आमची हुज्जत चालू असतानाच रिक्षा थांबली आणि थोरले पंच उतरले. मी गठ्ठा ओढणीखाली घेतला नाही. हातातच ठेवला, मथळा बाहेर.

"सलाम," पंच म्हणाले. आमच्यातला तोच नमस्कार.

"सलाम. या."

पंचांनी पाटी वाचली, ती त्यांनी आधीही वाचलेली असणार. मग कुणी न सांगता बाकावर बसले. काकांनी मशीन बंद केलं, कामगारांना खूण केली आणि हात बांधून उभे राहिले. पंच डोळे मिटतील असं मला वाटलं. त्यांनी मिटले नाहीत. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

"माझी पाठ," पंच म्हणाले.

काकांनी बांधलेले हात सोडले.

"लग्न असलं, जेवण असलं की ती बाकं भिंतीला लावायची, परत मांडायची. तरुण पोरं येतो म्हणतात, येत नाहीत. मीच सरकवतो, झाडतोही मीच. दोन वर्षं पट्टा बांधतोय कमरेला. तुमची बाकं पाहायला आलो होतो ना मध्ये, एक टोक उचलून पाहिलं. घरी जाऊन रात्रभर कुशीवर वळता आलं नाही." त्यांनी शर्टाची बाही उगीचच नीट केली. "थोरला पंच म्हातारा झाला, हे कमिटीत सांगायचं कसं? म्हणून प्रार्थना केली म्हणालो. केलीच नव्हती. निर्णय माझा होता."

काका खाली बसले, लाकडाच्या ओंडक्यावर, पंचांच्या समोर.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "अहो, मग सांगायचं की. हलकी केली असती मी. पाठीच्या फळ्या उघड्या ठेवल्या असत्या. खाली चाकं लावली असती."

"बाकाला चाकं?"

"तुमच्या पाठीपुढे कसली लाज?"

दोघंही हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "पंच, हे तुम्ही ग्रुपवर लिहाल का? निदान चर्चमध्ये सांगाल? वाचून तर सगळ्यांसमोर दाखवलं होतंत."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेलं गिळलं. पंच म्हणाले, "मुलगी बरोबर बोलतेय." पण सांगेन असं म्हणाले नाहीत. काकांनीही मागितलं नाही. पंच उठले तेव्हा बाक सरकलं आणि पायाखालची घडी बाहेर आली. पंचांनी ती उचलली, मथळा वाचला, आतलंही थोडं वाचलं, आणि वाकून, कमरेवर एक हात ठेवून, होती तिथे परत घातली.

ते कधीच जाहीर झालं नाही. ग्रुपवर आजही प्रभूनं दाखवलेला वेगळा मार्गच आहे. हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. ज्यांनी खोटं ऐकलं त्या सगळ्यांना खरं ऐकायचा हक्क होता. काकांना मी हे पुढेही अनेकदा सुनावलं. ते म्हणायचे, "तुझं बरोबर आहे. पण तू भाकर खाऊन आली होतीस, मी उपाशी होतो."

नाताळच्या सकाळी त्या खुर्च्यांवर आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. ताट मागच्या रांगेशी आलं. काकांनी ते दोन्ही हातांनी धरलं, तुकडा घेतला, ताट काकूंपुढे केलं. काकूंनी घेतला. पुढे गीत लागलं आणि सर्वस्वाची ओळ आली. काकांनी तोंड मिटलं. ओळ संपल्यावर परत सुरू झाले.

आता तो कारखाना नाही. गुडघ्यांनी दगा दिला, मशीनं विकली, काका-काकू लेकीकडे मिरजेला असतात. मध्ये भेटायला गेले तर जावई कुठल्याशा कामाला प्रार्थना करून बघू म्हणाला आणि काकांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं.

त्यांची आठवण निघाली की मला दिसतो तो नाताळनंतरचा सोमवार. त्या शनिवारी तिथेच राहिलेला माझा गठ्ठा परत न्यायला मी गेले होते. रिक्षातून थोरले पंच उतरले, हातात सुतळी, सुतळीला गाठी. चर्चच्या भांड्यांसाठी कपाट हवं होतं. त्यांनी सलाम केला आणि बाकाच्या बाजूनं सरळ पुढे आले.

काकांनी मशीन बंद केलं. "बसणार नाही?"

"नको. घरूनच करून आलोय."

काकांनी बोटाच्या पेरानं जवळच्या फळीवर टकटक केली, कान दिला, आणि सुतळी घ्यायला हात पुढे केला.